पहिली पिढी एकाच वेळी म्हातारी होते

२०११ साली ब्राझिलियात, ब्राझीलच्या संसदेच्या इमारतीत, गळती नेमकी कुठून होतेय ते शोधायला म्हणून दुरुस्तीच्या कामगारांनी काँक्रीटमधली एक बंद जागा उघडली. आत त्यांच्याआधीच्या कामगारांचं हस्ताक्षर होतं, १९५९ सालचं. इमारत बांधणाऱ्या मजुरांनी तिथे काही ओळी लिहून ठेवल्या होत्या आणि मग ती जागा बुजली होती. एकानं लिहिलं होतं, की उद्या इथे जी माणसं येतील त्यांनी आमच्या लेकरांवर दया करावी आणि कायद्याचं पालन व्हावं.

ब्राझिलिया या आखून वसवलेल्या राजधानीबद्दल जगात पुष्कळ लिहिलं गेलंय. लुसिओ कोस्टा यांचा आराखडा, ऑस्कर निमायर यांच्या इमारती, २१ एप्रिल १९६० रोजी झालेलं उद्घाटन, १९८७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झालेला समावेश. यातलं काहीही हरवण्याची भीती नाही. त्या मजुराची ओळ मात्र पन्नासहून अधिक वर्षं कुणालाही माहीत नव्हती, आणि ती वर आली ती पाणी झिरपलं म्हणून.

आखून वसवलेल्या वसाहतींचा इतिहास जपण्याच्या कामात मला जे वर्षानुवर्षं खटकत आलंय, ते या एका घटनेत स्वच्छ दिसतं. अशा वसाहतीचा जन्म कागदावर होतो. त्यामुळे तिच्या जन्माचे कागद भरपूर असतात: आराखडे, करारनामे, मंजुरीचे आदेश, पायाभरणीची भाषणं, वास्तुरचनाकारांचा पत्रव्यवहार. जुन्या गावाला असं दफ्तर स्वप्नातही मिळत नाही. गाव कधी वसलं हे सांगायला तिथे एखादा शिलालेख असेल, एखादी दंतकथा असेल. वसाहतीला मात्र तारीख असते, कधीकधी वेळसुद्धा. आणि हीच गोष्ट आपली फसगत करते. कपाटभर नकाशे पाहिले की वाटतं, इतिहास तर आधीच जपलेला आहे, आता फक्त काचेच्या पेटीत मांडायचा. प्रत्यक्षात त्या कपाटात वसाहत कशी व्हावी याचं म्हणणं असतं. ती कशी झाली हे बहुतेक वेळा तिथल्या माणसांच्या डोक्यात असतं, आणि ती डोकी एकाच वेळी पांढरी होतात.

या शेवटच्या मुद्द्यावर मला जरा थांबायचंय, कारण जतनाच्या कामात याचाच हिशोब सगळ्यात कमी केला जातो.

गावात पिढ्या एकमेकींवर चढलेल्या असतात. आजी आहे तोवर नात मोठी होते, विहिरीची गोष्ट आजीकडून नातीकडे येते, मग आजी जाते. कुणीतरी सतत जात असतं आणि कुणीतरी सतत ऐकून ठेवत असतं. नियोजित वसाहतीत हे घडत नाही. घरं वर्षा-दोन वर्षांत तयार होतात. ती कुणाला द्यायची याचे निकष ठरलेले असतात, निदान ती कुणाला परवडावीत हे तरी ठरलेलं असतं. मग एकाच वयाची, साधारण एकाच मिळकतीची, लहान मुलं असलेली जोडपी एकदम राहायला येतात. काही वर्षं शाळा ओसंडून वाहते, नंतर शाळेत मुलंच उरत नाहीत. मुलं शिकतात, नोकरीसाठी निघून जातात. आईवडील राहतात. पुढे दहा-पंधरा वर्षांच्या आत ती सगळी पिढी जवळपास एकत्रच निघून जाते आणि घरं नव्या माणसांकडे येतात, ज्यांना इथे आधी काय होतं ते सांगायला शेजारीही जुना राहिलेला नसतो. गावाची स्मृती हळूहळू विरते, वसाहतीची कड्यावरून कोसळते.

म्हणून वसाहतीची नोंद कधी सुरू करायची, या प्रश्नाचं माझं उत्तर ठाम आहे: याला इतिहास म्हणावं असं कुणालाही वाटत नसतं तेव्हा. अमेरिकेत व्हर्जिनियामधल्या रेस्टन या वसाहतीत पहिले रहिवासी १९६४ च्या डिसेंबरात आले, तिथला इतिहासाचा न्यास १९९७ मध्ये स्थापन झाला. मेरीलँडमधलं ग्रीनबेल्ट १९३७ चं, तिथलं संग्रहालय १९८७ चं, म्हणजे पन्नासाव्या वर्षी उघडलेलं. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सची घोषणा मात्र १९६७ मध्ये झाली आणि लोकांच्या आठवणी गोळा करणारी ‘लिव्हिंग आर्काइव्ह’ ही संस्था १९८४ मध्ये उभी राहिली, शहराचं बांधकाम चालू असतानाच. मला यात मिल्टन कीन्सचे लोक सगळ्यात शहाणे वाटतात. सुवर्णमहोत्सव हा समारंभाला चांगला मुहूर्त आहे. नोंदींसाठी तो फार उशीर असतो. पहिल्या दिवशी तिशीत असलेला माणूस तोवर ऐंशीला टेकलेला असतो.

आठवणी विचारण्याचीही एक रीत आहे. ज्येष्ठांसमोर रेकॉर्डर ठेवून ‘तेव्हाचे दिवस कसे होते?’ असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं: सगळे एकमेकांना धरून होते, दारं उघडी असायची, आता तसं राहिलं नाही. हे खोटं नसतं, पण ते सगळ्या जगातल्या सगळ्या वसाहतींबद्दल सांगितलं जातं आणि त्यातून या वसाहतीचं काही हाती लागत नाही. माझा अनुभव असा, की माणसाला वाट विचारावी. घराच्या दारातून बस थांब्यापर्यंत तुम्ही कुठून जायचात? आखलेल्या रस्त्यानं की मधून? मधून, तर ती पायवाट कुणी पाडली, ती कधी बंद झाली, कुंपण कुणी घातलं? पहिला फोन कुणाकडे होता आणि निरोप घेऊन कुणाचं पोर धावायचं? जमलं तर खुर्चीवर बसून बोलूच नये, बरोबर चालावं. पाय जिथे थबकतात तिथे आठवण असते. आणि चिखल! नव्या वसाहतीतल्या पहिल्या रहिवाशांच्या बोलण्यात चिखल हमखास येतो. घरं तयार, रस्ते अर्धवट, दुकान दूर, दिवे नाहीत. मला ही चिखलाची वर्षं अतिशय मोलाची वाटतात, कारण शेजाऱ्याची पहिली ओळख बहुधा त्याच वर्षांत, कुणाची तरी अडलेली गाडी ढकलताना झालेली असते. आराखड्यातल्या सभागृहाला ते जमायला पुढे बराच काळ लागतो.

कागदांपैकी निवड करायची वेळ आली तर मी नियमांचे आणि तक्रारींचे कागद आधी उचलीन. ग्रीनबेल्ट हे अमेरिकी सरकारनं महामंदीच्या काळात वसवलेलं गाव, सुरुवातीची घरं ८८५. तिथे धुतलेले कपडे दुपारी ४ नंतर बाहेर वाळत ठेवायचे नाहीत, रविवारी तर मुळीच नाहीत, असा नियम होता. नवरा-बायको दोघांनीही नोकरी करायची नाही, असाही. इंग्लंडमधलं लेचवर्थ हे एबेनेझर हॉवर्ड यांच्या कल्पनेतून १९०३ मध्ये सुरू झालेलं पहिलं उद्याननगर. तिथे १९०७ मध्ये एक पब उघडला, ज्यात दारूच मिळत नसे. ती बंदी पन्नासच्या दशकाच्या अखेरीपर्यंत टिकली. मेरीलँडमधल्या कोलंबियात, १९६७ मध्ये खुल्या झालेल्या जेम्स राऊस यांच्या शहरात, पत्रपेट्या दारोदार न लावता एकत्र लावल्या, पत्रं घ्यायला आलेले शेजारी एकमेकांना भेटावेत म्हणून. माणसानं कसं जगावं याबद्दल नियोजनकाराच्या मनात काय होतं ते अशा नियमांतून जितकं कळतं तितकं कुठल्याही रंगीत नकाशातून कळत नाही. आणि लोकांनी त्याला काय उत्तर दिलं ते तक्रारींच्या वहीत सापडतं. कुणी विनंती केली, कुणी दंड भरला, कुणी सरळ दुर्लक्ष केलं आणि शेवटी नियमच बदलला. ही झटापट म्हणजेच वसाहतीचं चरित्र.

ग्रीनबेल्टनं आणखी एक गोष्ट केली, जिचं मला फार अप्रूप आहे. पहिली कुटुंबं राहायला आली आणि दोन महिन्यांच्या आत रहिवाशांनी स्वतःचं वर्तमानपत्र काढलं. २४ नोव्हेंबर १९३७ चा पहिला अंक. ते नाव बदलून आजही निघतं आणि घरोघरी फुकट पोचतं. एका छोट्या वस्तीची सलग इतक्या दशकांची साप्ताहिक नोंद! सभा, भांडणं, हरवलेलं मांजर, सहकारी दुकानाचा हिशोब, सगळं त्यात आहे. इतिहास लिहायचा म्हणून ते कुणी लिहिलं नव्हतं आणि म्हणूनच त्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. आपल्याकडेही याचं एक तालेवार उदाहरण आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर कारखान्यासह वसाहत उभी केली, ती किर्लोस्करवाडी. तिथून १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. पुढे त्याचं रूपांतर महाराष्ट्रभर वाचल्या जाणाऱ्या मासिकात झालं आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासात त्याला स्वतंत्र जागा मिळाली. त्याची सुरुवात मात्र एका कारखान्याच्या आणि त्याभोवतीच्या माणसांच्या खबरीनं झाली होती. एखाद्या वसाहतीत चक्रमुद्रित पत्रकं, भिंतीवरचे अंक, गणवेशातल्या मुलांनी वाटलेली चार पानं असं काही सापडलं, तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी ते वाचवावं.

वाचवायचं म्हणजे काय, हेही सांगितलं पाहिजे, कारण चांगल्या हेतूनं पुष्कळ नुकसान होतं. टाचण्या आणि स्टेपल काढून टाकाव्यात, त्या गंजतात. फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी कधीही लावू नये. फोटोच्या मागे बॉलपेननं लिहू नये, मऊ पेन्सिलीनं लिहावं: कोण, कुठे, साधारण कधी, आणि ही नावं कुणी सांगितली. निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषांच्या खऱ्या ब्लूप्रिंट प्रकाशात फिक्या पडतात, आणि त्यांना क्षारयुक्त कागदाचं पाकीटही मानवत नाही, जे इतर बहुतेक कागदांसाठी चांगलं म्हणून सुचवलं जातं. जुन्या फिल्मच्या डब्यातून व्हिनेगरसारखा वास आला तर ॲसिटेट विघटित होतंय असं समजावं आणि ती इतर फिल्मपासून लगेच वेगळी करावी. सत्तरच्या दशकातले रंगीत फोटो कृष्णधवल फोटोंपेक्षा लवकर जातात, तेव्हा स्कॅनिंगला त्यांचा नंबर आधी. प्रत्येक गोष्टीच्या निदान तीन प्रती असाव्यात, आणि त्यातली एक वेगळ्या इमारतीत.

कागदापेक्षाही मला अलीकडच्या वर्षांची काळजी जास्त वाटते. १९५० च्या सभेचं इतिवृत्त वहीत आहे, वाळवी लागेपर्यंत तरी आहे. परवाच्या सभेचं कुठे आहे? कुणाच्या तरी ईमेलमध्ये, कुणाच्या तरी व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि ती व्यक्ती घर विकून गेली की तिच्याबरोबर गेलं. फोन बदलला की गेलं. पुढच्या संशोधकाला पन्नासचं दशक आपल्या दशकापेक्षा स्वच्छ दिसेल, अशी दाट शक्यता आहे. वर्षातून एकदा ग्रुपवरचा महत्त्वाचा मजकूर उतरवून, छापून, तारखेसह फायलीत लावणं हे आज कंटाळवाणं वाटेल. तरी ते करावं.

आता अवघड भाग. वसाहतीचा इतिहास कुठल्या दिवशी सुरू होतो? समारंभाच्या फलकावर पहिल्या किल्ल्या वाटल्याची तारीख असते. पण त्या जमिनीवर त्याआधी कुणी तरी होतं, आणि ते घर बांधणारंही कुणी तरी होतं.

नवी मुंबई घ्या. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी साठच्या दशकात खाडीपलीकडे शहर वसवण्याची कल्पना मांडली, १९७० मध्ये सिडको स्थापन झाली. हे सगळ्यांना माहीत असतं. त्या आखणीत ९५ गावं आली. भातशेती, मिठागरं, मासेमारी करणाऱ्या आगरी-कोळी माणसांची. १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण तालुक्यात आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला, पाच माणसं गेली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड परत देण्याची योजना पुढे अमलात आली, तिच्यामागे हा संघर्ष आहे. सेक्टरच्या नकाशात गावठाण म्हणून जो वेडावाकडा तुकडा उरलेला दिसतो तो आराखड्यातला दोष म्हणून पाहिला जातो. मला तो त्या नकाशावरचा सगळ्यात जुना अक्षरलेख वाटतो. नव्या शहराचा इतिहास सांगताना गावठाणातल्या माणसाला ‘पूर्वपीठिका’ या प्रकरणात दोन पानं देऊन चालणार नाही. त्याची गोष्ट शेवटच्या प्रकरणापर्यंत चालू आहे.

चंडीगडला हे काम एका माणसानं एकट्यानं, कुणालाही न सांगता केलं. नेक चंद हे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ते निरीक्षक होते. ल कॉर्बुझिए यांच्या शहरासाठी जी गावं पाडली त्यांचा राडारोडा, फुटकी भांडी, बांगड्यांचे तुकडे त्यांनी पन्नासच्या दशकाच्या अखेरीपासून जंगलात नेऊन साठवले, त्यांतून मूर्ती घडवल्या. सरकारी जमिनीवरचं ते बेकायदा काम होतं. ते उघडकीला आलं तेव्हा पाडलं जायचं, पण वाचलं, आणि १९७६ मध्ये रॉक गार्डन म्हणून लोकांना खुलं झालं. त्याच शहरात, सरकारी कचेऱ्यांसाठी वास्तुरचनाकार पिएर जाँनरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेल्या खुर्च्या भंगार म्हणून लिलावात निघाल्या आणि परदेशात मोठ्या किमतीला विकल्या गेल्या. २०११ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयानं त्यांच्या विक्रीवर बंदी घातली. पाडलेल्या गावातली फुटकी बशी टिकली आणि नव्या शहराची खुर्ची गेली, हे मला विसरता येत नाही. ज्याला कुणी तरी आपलं मानलं ते उरलं.

जे वसाहतीत येऊच शकले नाहीत, त्यांचं काय? ग्रीनबेल्ट बांधणाऱ्या मजुरांमध्ये कृष्णवर्णीय होते, पण घरं फक्त गोऱ्या कुटुंबांना मिळाली. न्यूयॉर्कजवळच्या लेविटटाउनमध्ये १९४७ ते १९५१ या काळात १७,४४७ घरं उभी राहिली आणि सुरुवातीच्या करारांतच गोऱ्यांखेरीज कुणी राहू नये असं कलम होतं. ब्राझिलियाच्या मुख्य आराखड्यात ती बांधणाऱ्यांना जागा नव्हती, म्हणून टाग्वातिंगा ही उपनगरी १९५८ मध्ये, राजधानीच्या उद्घाटनाच्या दोन वर्षं आधीच वसवावी लागली. ब्राझिलियात आज मजुरांच्या स्मृतींचं संग्रहालय आहे, १९५७ मध्ये त्यांच्यासाठी उभारलेल्या लाकडी रुग्णालयाच्या इमारतींमध्ये. मला ही निवड अगदी योग्य वाटते. काँक्रीटच्या राजधानीत तात्पुरतं म्हणून उभारलेलं लाकूड टिकवून ठेवणं, हेच त्या माणसांबद्दल बरंच काही सांगतं.

गोळा केलेलं वाटायचं कसं, याबद्दल माझी मतं सोपी आहेत. संग्रहालय मोठं नको. ग्रीनबेल्टचं संग्रहालय म्हणजे मूळच्या ओळीतलं एक साधं घर, त्या काळच्या सामानासह. लेचवर्थनं वास्तुरचनाकार बॅरी पार्कर यांच्या जुन्या कार्यालयाची इमारत वापरली. माणूस आत शिरला की त्याला खोलीची उंची, खिडकीतून येणारा उजेड अंगावर कळतो, मग फलक वाचायची फार गरज राहत नाही. मिल्टन कीन्समध्ये तर आठवणींवरून माहितीनाट्यं बसवली, आणि ती व्यावसायिक नटांनी नव्हे, तिथल्याच लोकांनी केली. नव्यानं राहायला आलेला माणूस जेव्हा जुन्या रेल्वे कारखान्यातल्या कामगाराचं बोलणं पाठ करून रंगमंचावर म्हणतो, तेव्हा ते शहर त्याचं होऊन जातं. पहिल्या रहिवाशांमध्ये कधीकधी एक सूक्ष्म मालकीहक्क असतो, ‘आम्ही होतो तेव्हाची गोष्टच वेगळी.’ त्यांच्या कष्टांकडे पाहता तो समजूही शकतो. पण इतिहास फक्त त्यांच्यापुरता राहिला तर त्यांच्या मागोमाग तोही जाईल. सहा महिन्यांपूर्वी आलेल्या भाडेकरूलाही विचारावं, तुला इथे काय दिसलं? पन्नास वर्षांनी तो जुना असणार आहे.

एक प्रश्न हे काम करताना दर वेळी येतो. जुन्या दफ्तरात नको ते सापडतं. कुणाला घर नाकारलं आणि खासगीत कारण काय दिलं, कुणी कुणाविरुद्ध काय अर्ज केला, कोणत्या पदाधिकाऱ्यानं काय दडवलं. त्यांची मुलं अजून तिथेच राहत असतात. अशा वेळी कार्यकारिणीतला कुणी तरी समजूतदार आवाजात म्हणतो, हे फाडून टाकू या, कशाला उगाच. मी याला दर वेळी विरोध केला आहे आणि करत राहीन. कागद आज दाखवलाच पाहिजे असं नाही. नावं झाकून मजकूर वापरता येतो. पाकीट सीलबंद करून, तीस किंवा पन्नास वर्षांनी उघडावं असं ठरवून, दुसऱ्या एखाद्या संग्रहाकडे ठेवता येतं. अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात तर नियोजित वसाहतींच्याच कागदपत्रांचा खास संग्रह आहे, तशी तटस्थ जागा जवळपासच्या विद्यापीठात किंवा ग्रंथालयात शोधावी. पाकिटावर उघडण्याची तारीख लिहावी आणि त्याची नोंद सगळ्यांना पाहता येईल अशा यादीत करावी, म्हणजे आत काय आहे हे आज कळलं नाही तरी पाकीट आहे हे लपणार नाही.